अक्षर अडले म्हणून लेकरू अडत नाही

आपल्या घरात बाबासाहेबांची तसबीर असते आणि बहुतेक तसबिरींत त्यांच्या हाती पुस्तक असते. वाचणे ही आपल्याकडे नुसती शाळेची बाब नाही. आपल्या आजी-पणजीला जे नाकारले गेले, ते आपण मिळवले याची ती खूण आहे. म्हणूनच अशा घरातले मूल तिसरी-चौथीत जाऊनही वाचताना अडखळू लागले की साऱ्या घराच्या जिवाला लागते. शेजारणी बोलून दाखवतात, "बाबासाहेबांची लेकरं आपण, आणि पोराला साधा धडा वाचता येईना?"

माझ्या धाकट्या मुलाचे असेच आहे. तो आज सहावीत शिकतो. गेल्या भीमजयंतीला त्याने पुठ्ठा, बांबूच्या काड्या आणि जुनी वर्तमानपत्रे यांतून दीक्षाभूमीचा स्तूप उभा केला. सारी वस्ती पाहायला आली. त्रिशरण, पंचशील, वंदना त्याला ऐकून ऐकून तोंडपाठ आहे. पण पुस्तक समोर आले की 'घर'चे 'धर' होते, 'भात'चा 'मात' होतो, आणि 'रवा' की 'खा' हे त्याला कळत नाही. आपली लिपी तशी सोपी नाही. पहिली वेलांटी अक्षराच्या आधी लिहायची आणि उच्चारायची नंतर. मात्रा वर, उकार खाली, रफार डोक्यावर. इतर मुलांना हळूहळू याची सवय होते. माझ्या मुलाला मात्र कालचे अक्षर आज पुन्हा नवे असते.

शाळेत त्याच्यावर 'आळशी' म्हणून शिक्का बसला. नात्यातल्या वडीलधाऱ्यांनी सल्ला दिला, "त्याचे रंग आणि कात्री पेटीत कुलूपबंद करा. वाचायला लागला की द्या." आम्ही उभयतांनी विचार केला. कागद कापताना जो मुलगा दोन दोन तास मान वर करीत नाही, तो आळशी कसा? रंग काढून घेतले तर ज्या एका गोष्टीत तो ताठ मानेने उभा राहतो, तीच आपण हिरावून घेऊ. रंगांची पेटी उघडीच राहिली.

या अडचणीला डॉक्टर डिस्लेक्सिया म्हणतात. अध्ययन अक्षमतेचा हा एक प्रकार. मुलाची बुद्धी कमी नसते. अक्षर आणि त्याचा आवाज यांची जोडी लावायला त्याच्या मेंदूला जास्त वेळ व वेगळी रीत लागते. 2007 साली 'तारे जमीन पर' या चित्रपटामुळे हा शब्द घरोघरी गेला, तरी आपल्या वस्तीत अजून ते मोठ्या घरच्या, इंग्रजी शाळेतल्या मुलांचे दुखणे समजतात. ते चाळीतही असते आणि मराठी शाळेतही असते.

धम्मपदाच्या अट्ठकथेत चुल्लपंथक भिक्खूची गोष्ट आहे. चार महिन्यांत त्याला एक गाथा पाठ होईना. त्याचा थोरला भाऊ महापंथक हाही भिक्खू. त्यानेच त्याला संघ सोडून जायला सांगितले. तथागतांनी त्याला जवळ घेतले, गाथेचा आग्रह सोडला आणि हाती एक स्वच्छ फडके देऊन ते चोळत राहायला सांगितले. चोळता चोळता फडके मळले आणि अनित्यता त्याला हातांनी कळली. गोष्टीतला चमत्काराचा भाग आपण बाजूला ठेवू. शिष्य होता तोच राहिला, गुरूने रीत बदलली, एवढे आपल्याला पुरे.

आम्हीही रीत बदलली. ताटात रांगोळी पसरून तो बोटाने अक्षर काढतो आणि मोठ्याने त्याचा उच्चार करतो. 'घ' आणि 'ध' एकाच दिवशी घेत नाही. रोज 15 मिनिटे, त्याहून जास्त नाही. थोरली मुलगी ओळीखाली बोट ठेवून वाचते, तो तिच्याबरोबर म्हणतो. इतिहासाचा धडा तो चित्रे काढून लक्षात ठेवतो. वर्षावासात विहारात 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाचे वाचन होते. तिथे त्याला वाचायला उभे करीत नाहीत. ऐकलेला भाग तो आपल्या शब्दांत सांगतो. पाली भाषेत विद्वानाला बहुस्सुत म्हणतात, म्हणजे ज्याने पुष्कळ ऐकले आहे तो. तथागतांची वचने लिहिली जाण्यापूर्वी कित्येक पिढ्या ऐकून आणि म्हणूनच टिकली, हे आपण विसरू नये.

कायदाही आपल्या बाजूने आहे. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यातील 21 प्रकारांत अध्ययन अक्षमता येते. प्रमाणपत्र मिळाले की परीक्षेत जादा वेळ आणि लेखनिक यांसारख्या सवलती मिळतात. मुंबईत शीव, नायर, केईएम या पालिकेच्या रुग्णालयांत तपासणी होते. खेपा घालाव्या लागतात. माझे कामावर चार खाडे झाले. प्रमाणपत्राचे ऐकून एक नातेवाईक म्हणाले, "पोराला आपल्या हातानं अपंग ठरवतेस का?" मी म्हटले, "मामा, आरक्षण घेताना आपल्यालाही लोक असंच हिणवायचे. म्हणून आपण हक्क सोडला का?"

मुलगा आजही सावकाश वाचतो. जोडाक्षर आले की थांबतो. पण आता पुस्तक पाहून पोट दुखत असल्याचे सांगत नाही. वस्तीतल्या वाचनालयाची पाटी यंदा त्याने रंगवली. एकेक अक्षर बहिणीकडून तपासून घेतले आणि मग ती पाटी स्वतः वाचून दाखवली.

माता-भगिनींनो, आपले मूल वाचनात मागे पडत असेल तर आधी डोळे आणि कान तपासून घ्या. मग शिक्षकांशी बोला, रुग्णालयात चौकशी करा. चार लोकांत त्याला वाचायला लावून त्याची फजिती करू नका. आणि त्याचा हात ज्या कामात चालतो, ते काम शिक्षा म्हणून बंद करू नका. 'शिका' हा बाबासाहेबांचा आदेश हळू शिकणाऱ्या लेकरासाठीही आहे, आणि त्याला शिकता येईल अशी वाट शोधणे हे आपले काम आहे.

जय भीम!