उजेडाची सुई

नागपूरचं हुडकेश्वर कालपरवापर्यंत शेतांचं होतं. आता पिपळा फाट्याच्या अंगाने लेआऊटला लेआऊट लागले आहेत. मिहानमधल्या कंपन्यांतली रात्रपाळी करून पोरं घरी येतात तेव्हा ऊन वर आलेलं असतं. पडदे ओढून पडायचं, पण झोप येत नाही. मग कुणीतरी ॲक्युपंक्चर सुचवतं.

या सुईच्या गोष्टीत नागपूरही आहे. १९३८ साली चीनला गेलेल्या वैद्यकीय पथकातल्या पाच भारतीय डॉक्टरांपैकी सोलापूरचे कोटणीस सर्वांच्या ओळखीचे, नागपूरचे डॉ. चोळकर मात्र नागपूरकरांनाही आठवत नाहीत, याचं वाईट वाटतं. त्याच पथकातले डॉ. बसू पुढे चीनमध्ये ही विद्या शिकले आणि त्यांनी ती कोलकात्यात आणली. महाराष्ट्राने तर तिच्यासाठी २०१५ चा स्वतंत्र कायदा केला.

जुन्या चिनी वैद्यांनी दिवसाचे बारा भाग पाडून एकेक भाग एकेका अवयवाला दिला. पहाटे तीन ते पाच फुप्फुसांची वेळ. अवयवांची ही वाटणी मला पटत नाही, पण देहाला स्वतःची वेळ असते हे त्यांनी ओळखलं, याचं अप्रूप वाटतं. देहाचं ते घड्याळ आज आपल्याला माहीत आहे: दोन्ही डोळ्यांच्या नसा मेंदूत एकमेकींना छेदतात, त्याच्या जरा वर, वीसेक हजार पेशींचा पुंजका. बहुतेकांत त्याचा दिवस चोवीस तासांहून किंचित मोठा, म्हणून ते रोज मिळवावं लागतं. मिळवतो तो उजेड. पहाटेचा उजेड त्याला पुढे ओढतो, रात्रीचा मागे लोटतो. सुईने अंग सैल पडत असेल, कुणाला झोपही लागत असेल. हे घड्याळ तिने मिळवल्याचा भक्कम पुरावा नाही.

नागपूरच्या उन्हाळ्यात माणसं गच्चीवर झोपत. मे महिन्यात साडेपाचच्या सुमारास सूर्य उगवतो. त्याआधीच डोळ्यांवर फटफटीत उजेड पडे. कुलरने माणसं खोलीत नेली, आणि तो उजेड हातचा गेला. दिवसपाळीवाल्यांनी निदान सकाळी अर्धा तास बाहेर काढावा.

रात्रपाळीवाल्याला मात्र हा उपदेश उलटा पडतो. घरी येताना त्याने काळा चष्मा लावावा, खोलीत पूर्ण अंधार करावा. बाकीचं कंपनीने करायचं: पाळीच्या सुरुवातीला लख्ख दिवे द्यायचे, दर आठवड्याला पाळी बदलायची नाही. आणि घरच्यांनी सकाळी दहाला ‘किती झोपतोस रे’ म्हणत पडदा सरकवायचा नाही. त्याची रात्र तेव्हा नुकती सुरू झालेली असते.