निघणं सोपं, थांबणं अवघड

डेन्व्हर शहराच्या पश्चिमेला रॉकी पर्वताचा पायथा सुरू होतो. तिथून यूएस २८५ हा महामार्ग टर्की क्रीकच्या खिंडीतून चढत कॉनिफर गावाकडे येतो. गाव आठ हजार फुटांच्या वर आहे. आम्ही तिथे राहतो आणि माझी नोकरी खाली लेकवुडमध्ये, इस्पितळाच्या प्रयोगशाळेत, पहाटेच्या पाळीची. घरापासून महामार्गापर्यंतचा रस्ता मातीचा, खडी टाकलेला. म्हणजे रोज एकाच फेरीत कच्चा रस्ता, मग अडीचएक हजार फुटांचा उतार, मग शहरातला फ्रीवे. ही फेरी मी वेगवेगळ्या प्रकारच्या टायरांवर केली आहे, आणि टायर या विषयावर माझी मतं याच रस्त्यावर तयार झाली.

इथल्या हिवाळ्याबद्दल बाहेरच्या लोकांचा समज असा असतो की नोव्हेंबर ते मार्च सगळं पांढरंशुभ्र. प्रत्यक्षात हिवाळ्यातले बरेच दिवस डांबर कोरडं ठणठणीत असतं. मग एका रात्रीत फूटभर बर्फ पडतो, दुसऱ्या दिवशी कडक ऊन, दुपारपर्यंत रस्त्याच्या मधला भाग उघडा पडतो आणि कडेचं वितळलेलं पाणी रस्त्यावर येतं. संध्याकाळी तेच पाणी गोठतं. खिंडीत काही वळणं अशी आहेत की डिसेंबर-जानेवारीत तिथे ऊन पोचतच नाही. तिथला काळा बर्फ, म्हणजे डांबराच्या रंगातच मिसळून गेलेला पातळ थर, दिव्यांच्या उजेडात ओला रस्ता असल्यासारखा दिसतो.

आमची गाडी टोयोटा फोररनर. तिचं फोर-व्हील ड्राइव्ह पार्ट-टाइम आहे, म्हणजे कोरड्या रस्त्यावर ते लावून चालत नाही, पुढच्या-मागच्या चाकांची यंत्रणा एकमेकांशी झगडते. आमच्या रस्त्यावर शंभर फूट कोरडं, पुढचे तीस फूट बर्फ, पुन्हा कोरडं. त्यामुळे बऱ्याचदा गाडी फक्त मागच्या चाकांवर चालते आणि सगळा भार टायरवर येतो. शिवाय फोर-व्हील ड्राइव्ह गाडी पुढे ढकलायला मदत करतं, थांबवायला नाही. ब्रेक चारही चाकांना सगळ्याच गाड्यांत असतात.

गाडी आम्ही जुनी घेतली तेव्हा तिच्यावर ऑल-टेरेन टायर आधीच होते, एलटी प्रकारचे, लोड रेंज ई या जड भाराच्या वर्गातले. ऑल-टेरेन टायरला इथे सगळे नुसतं ‘एटी’ म्हणतात. एलटी म्हणजे हलक्या ट्रकसाठी बांधलेला टायर. त्याच्या भिंती जाड, आत थर जास्त, वजन जास्त. मागे ट्रेलर ओढणाऱ्याला किंवा धारदार दगडांच्या वाटेनं वर जाणाऱ्याला तो हवाच. आमच्या दाराच्या चौकटीवरच्या चिठ्ठीवर हवेचा दाब ३२ पौंड (पीएसआय) लिहिलेला आहे. तेच वजन पेलायला एलटी टायरमध्ये त्याहून जास्त हवा ठेवावी लागते. इतकी कडक चाकं रिकाम्या गाडीखाली रोजच्या रस्त्यावर बसली की प्रत्येक सांधा कमरेला कळतो. फ्रीवेवर ताशी पासष्ट मैलांच्या वेगाला एकसुरी गुंजारव चालू राहायचा, आणि पेट्रोलही गॅलनमागे एखाद्या मैलानं जास्त जायचं. कच्च्या रस्त्यावर मात्र त्यांच्याबद्दल एक शब्द वाईट बोलता येणार नाही. एप्रिलमधल्या चिखलात, खडीत, ताज्या खोल बर्फात ते हवे तिथे नेत.

त्यांची नक्षी झिजत आली तेव्हा दुसरे टायर निवडायची वेळ आली. दुकानात बीएफगुडरिचचा केओ२, फाल्कनचा वाइल्डपीक, टोयोचा ओपन कंट्री ही नावं प्रत्येकाच्या तोंडी. कुठला चांगला यावर दुकानात उभं राहून लोक तासन्‌तास वाद घालू शकतात. मला या वादाचा फार उपयोग झाला नाही. एकाच नावाचा टायर एकाच मापात साध्या बांधणीचा मिळतो आणि एलटी बांधणीचाही मिळतो, आणि या दोघांतला फरक दोन कंपन्यांतल्या फरकापेक्षा मोठा असतो, हे मला जास्त महत्त्वाचं वाटलं. आम्ही साध्या बांधणीचे, म्हणजे स्टँडर्ड लोडचे एटी घेतले. गाडी एकदम मऊ झाली, आवाज उतरला, आणि कच्च्या रस्त्यावर मला तरी काही कमी पडलं नाही.

त्या टायरांच्या भिंतीवर तीन शिखरांचा डोंगर आणि त्यात हिमकण असं चिन्ह होतं. हे चिन्ह १९९९ मध्ये आलं. त्याआधीपासून टायरवर एम+एस ही अक्षरं असतात, चिखल आणि बर्फ यांसाठी. पण ती अक्षरं नक्षीच्या आकारावरून कंपनी स्वतःच छापते, त्यामागे बर्फावर घेतलेली कसोटी नसते. डोंगर-हिमकणामागे कसोटी असते. दाबलेल्या बर्फावर टायर किती पकड घेऊन गाडी पुढे खेचतो हे मोजतात, आणि ठरावीक संदर्भ-टायरपेक्षा ती पकड निदान १० टक्के जास्त असावी लागते.

इथे ‘पुढे खेचतो’ हे शब्द नीट वाचायला हवेत. ही कसोटी सरळ रेषेत निघण्याची आहे. थांबण्याची नाही, वळण्याची नाही, आणि गोठलेल्या पाण्याची तर मुळीच नाही. दुकानातला माणूस चिन्हावर बोट ठेवून “हिवाळ्याची काळजी मिटली” असं सांगतो, तेव्हा तो खोटं बोलत नसतो, पण कसोटीनं दिलेल्या ग्वाहीपेक्षा बरंच जास्त सांगत असतो.

दाबलेल्या बर्फावर आमचे एटी खरोखर छान चालले. नक्षीच्या ठोकळ्यांमधल्या रुंद खाचांत बर्फ भरतो, आणि बर्फाला बर्फ चांगला धरतो. घरासमोरचा चढ त्यांनी कधी नाकारला नाही. अडचण खिंडीत यायची. काळ्या बर्फावर खाचांचा उपयोग नसतो. तिथे लागतं मऊ रबर आणि ठोकळ्यांवर ब्लेडनं कापल्यासारख्या असंख्य बारीक चिरा. एटीचे ठोकळे मोठे आणि रबर दगडांना टिकेल असं चिवट, त्यामुळे गोठलेल्या पाण्यावर त्याची पकड बेताचीच.

यात थंडीचाही एक वेगळाच हिशेब आहे. मला आधी वाटायचं की जितकी थंडी जास्त तितका रस्ता निसरडा. उलट उणे पंधराला पहाटे गाडी बऱ्यापैकी ऐकते. सर्वांत वाईट म्हणजे शून्याच्या आसपासची संध्याकाळ, कारण तेव्हा बर्फावर पाण्याचा पातळ पापुद्रा असतो. रबराचं गणित मात्र सरळ आहे. पारा सातएक अंशांच्या खाली गेला की उन्हाळी टायरचं रबर ताठर होऊ लागतं, हिवाळी टायरचं लवचिक राहतं. एटी या दोघांच्या मध्ये कुठेतरी. थंडीनं हवाही बसते. साडेपाच अंश सेल्सिअस उतरले की साधारण एक पौंड दाब कमी होतो. पहिल्या कडाक्याच्या सकाळी टायरचा पिवळा दिवा लागतो तो बहुतेक वेळा पंक्चरमुळे नाही, यामुळेच.

एका हिवाळ्यात नवऱ्याच्या आग्रहानं आम्ही खरे हिवाळी टायर घेतले, वेगळ्या लोखंडी रिमांवर चढवलेले, ब्लिझॅक जातीचे. नक्षीत चिराच चिरा, रबर बोटानं दाबलं तर दबणारं. ते चढवण्याच्या आदल्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी आम्ही रिकाम्या पार्किंगच्या त्याच गोठलेल्या पट्ट्यावर ताशी वीस मैलांवरून ब्रेक दाबून पाहिला. हवा दोन्ही दिवस जवळजवळ सारखी होती. एटीवर गाडी जिथे थांबली त्याच्या दोन गाड्या अलीकडेच ती हिवाळी टायरवर थांबली. शाळेच्या बसमागे उभं राहताना दोन गाड्यांची लांबी म्हणजे काय, हे मी इथे वेगळं सांगायला नको.

त्यानंतर मला खिंडीतल्या वळणांवर स्टिअरिंग हातात घट्ट धरावं लागेनासं झालं. या टायरांचे तोटेही आहेत. कोरड्या उबदार रस्त्यावर गाडी थोडी लुसलुशीत वाटते, वळताना मागचा भाग किंचित डोलल्यासारखा होतो. मेमध्ये काढले नाहीत तर उन्हानं झपाट्यानं झिजतात. खडीच्या रस्त्यावर त्यांची मला काळजी वाटते. म्हणून उन्हाळ्यात एटी, नोव्हेंबर ते एप्रिल हिवाळी, असा आमचा पायंडा पडला. आठ टायर म्हणजे दुप्पट खर्च असं लोक म्हणतात. पण एक संच रस्त्यावर असतो तेव्हा दुसरा गॅरेजमध्ये झिजत नसतो. खरा जादा खर्च रिमांचा आणि वर्षातून दोनदा चाकं बदलण्याचा.

कोलोराडोचा कायदा मात्र यात फार खोल जात नाही. आय-७० महामार्गावर मॉरिसन ते डॉटसेरो या टप्प्यात १ सप्टेंबर ते ३१ मे एवढ्या काळात फोर-व्हील ड्राइव्ह किंवा एम+एस वा डोंगर-हिमकणाचे टायर लागतात, आणि नक्षी निदान ३/१६ इंच असावी लागते, नाहीतर साखळ्या जवळ ठेवाव्या लागतात. आमच्या २८५ सारख्या इतर मार्गांवर वादळ आलं की हाच नियम लागू करतात. गाडी अडकून रस्ता अडला तर दंड ५०० डॉलरच्या वर जातो. या नियमातली मला सर्वांत मोलाची वाटणारी गोष्ट चिन्ह नसून नक्षीची खोली आहे. अमेरिकेत बहुतेक राज्यांत २/३२ इंच उरेपर्यंत टायर कायदेशीर. तेवढ्या नक्षीवर बर्फात उतरायचं म्हणजे गोटा झालेल्या टायरवरच उतरायचं. गेल्या हिवाळ्यात उत्तम चाललेला एटी यंदा झिजून निम्म्यावर आला असेल, तर त्याच्या भिंतीवरचा हिमकण तसाच असला तरी तो टायर तोच राहिलेला नाही.

कोणी विचारलं तर मी कोणता घ्यायला सांगेन? शहरात राहणाऱ्या, फ्रीवेनं कामावर जाणाऱ्या आणि वर्षाकाठी कधीतरी डोंगरात येणाऱ्या माणसाला एटीची गरजच नाही. हिमकणाचं चिन्ह असलेला चांगला ऑल-वेदर रोड टायर त्याला ओल्या रस्त्यावर जास्त लवकर थांबवेल. ज्याच्या दारात कच्चा रस्ता आहे आणि एकच संच परवडतो, त्यानं साध्या बांधणीचा, चिन्ह असलेला एटी घ्यावा आणि नक्षी निम्मी झाली की बदलावा. रोज पहाटे किंवा रात्री घाट उतरणाऱ्यानं मात्र हिवाळी टायरच घ्यावेत, आणि चारही चाकांना. फक्त मागे दोन घातले तर पुढची चाकं वळणावर सरळच निघून जातात.

पुण्याहून माझ्या भाच्याचा फोन आला होता. “मावशी, थारला एटी टाकलेत, जानेवारीत मनालीहून अटल बोगद्यातून लाहौलला जातोय. चालेल ना?” मी त्याला आधी टायरच्या भिंतीवर डोंगर-हिमकण शोधायला लावलं. नव्हता, फक्त एम+एस. भारतात मिळणाऱ्या एटी टायरांपैकी काहींवर हे चिन्ह असतं, अनेकांवर नसतं, आणि दिसायला सगळे सारखेच दणकट दिसतात. तिकडे जाणाऱ्या सगळ्यांनाच मी सांगेन, चारही चाकांच्या साखळ्या घेऊन निघा, त्या घरच्या अंगणात एकदा लावून-काढून पाहा, आणि सावलीतल्या वळणाआधी सरळ रस्त्यावरच वेग उतरवा. पुढची गाडी आरामात चाललेली दिसली म्हणून तिच्या जवळ जाऊ नका.