नारळीकरांची काशी

काशीयात्रा ही आम्हा बडोदेकर मराठी मंडळींच्या घरात पूर्वी आयुष्यात एकदा घडणारी गोष्ट असे. माझ्या आजीने आणलेला गंगेचा गडू अजून आमच्या देवघरात आहे. त्याचे झाळलेले तोंड कोणी उघडलेले नाही. गेल्या दिवाळीच्या सुट्टीत तो योग आम्हा पतिपत्नींनाही आला. सहावीत शिकणारी नातही बरोबर होती. सौभाग्यवतींच्या मनात विश्वेश्वर आणि अन्नपूर्णा. माझ्या मनात मात्र आणखी एक स्थान होते. २० मे २०२५ रोजी जयंत विष्णु नारळीकर पुण्यात निवर्तल्याची वार्ता वाचली, तेव्हापासून त्यांचे बालपण जेथे गेले ती काशी एकदा पाहावी, असे वाटत होते.

नातीविषयी थोडे सांगितले पाहिजे. तिची शाळा इंग्रजी माध्यमाची, खेळगड्यांची भाषा गुजराती. मराठी ती घरी बोलते, पण वाचावयास बसविले की दोन ओळींत जांभई येते. यात तिचा दोष आहे असे मी म्हणत नाही. पण आपल्यानंतर घरातील मराठी पुस्तकांचे कपाट कोण उघडील, हा प्रश्न आमच्यासारख्या अनेक घरांत आज उभा आहे, आणि तो मनात घेऊनच मी या यात्रेस निघालो होतो.

पहिले दोन दिवस घाटांवर गेले. पंचगंगा, दुर्गाघाट, ब्रह्माघाट या भागातील अरुंद गल्ल्यांतून हिंडताना मराठी माणसास परके वाटत नाही. पेशवाईच्या काळी व त्याआधीपासून येथे येऊन राहिलेल्या दक्षिणी घराण्यांच्या खुणा वाड्यांच्या चौकांत अजून दिसतात. विश्वेश्वराचे आजचे मंदिर अहल्याबाई होळकरांनी अठराव्या शतकात उभारले. आणि एकनाथांचे भागवत पूर्ण झाले तेही १५७३ मध्ये याच क्षेत्री. पैठणचा ग्रंथ काशीत पुरा व्हावा, ही गोष्ट मला त्या दिवशी फार अर्थपूर्ण वाटली. मराठीचे चांगले लेखन मराठी मुलखातच होते, असा काही नियम नाही.

तिसऱ्या दिवशी लंकेच्या बाजूने विश्वविद्यालयाच्या सिंहद्वारात शिरलो. बाहेर रिक्षांचा, फेरीवाल्यांचा कोलाहल. आत पाऊल टाकताच दुतर्फा झाडी आणि रुंद, वळत जाणारे रस्ते. सुमारे १३०० एकरांची ही नगरी पंडित मदनमोहन मालवीयांनी १९१६ मध्ये स्थापिली. केंब्रिजहून परतलेल्या विष्णु वासुदेव नारळीकरांना मालवीयजींनी १९३२ मध्ये येथे गणित शिकविण्यास बोलाविले, आणि कोल्हापूरचे हे घराणे काशीकर झाले. जयंतरावांचा जन्म १९ जुलै १९३८ रोजी कोल्हापूरचा. वाढले मात्र ते याच आवारात.

प्राध्यापकांच्या बंगल्यांच्या रांगेतून आम्ही हळूहळू चाललो. नारळीकरांचा बंगला नेमका कोणता, हे मी कोणास विचारले नाही. वडील १९६० मध्ये राजस्थानच्या लोकसेवा आयोगाचे अध्यक्ष होऊन अजमेरास गेले; त्यानंतर या घरांतून कितीतरी कुटुंबे राहून गेली. पण त्या घरातील दोन फळे मला डोळ्यांसमोर दिसत होते. मुलांनी मनास येईल ते लिहावे म्हणून वडिलांनी घरात फळे बसविले होते. शिकण्यासाठी येऊन राहिलेले मोरूमामा हुजूरबाजार त्यावर भाच्यासाठी आव्हान म्हणून एखादे गणित लिहून ठेवीत. उत्तर निघेपर्यंत ते पुसले जात नसे. भाच्याने हार मानली तरच मामा उत्तर सांगत. आई सुमतीबाई संस्कृताच्या जाणकार. गणित, संस्कृत आणि मराठी एकाच छपराखाली अशी नांदत होती.

"आजोबा, ते मराठी शाळेत होते का?" नातीने विचारले.

"नाही. सेंट्रल हिंदू स्कूलमध्ये. सगळे शिक्षण हिंदीतून."

"मग मराठी कोणी शिकविले?"

"घराने," मी म्हणालो. ती काही बोलली नाही. मीही अधिक बोललो नाही.

पुढे ग्रंथालयाची भव्य इमारत लागली. दारावरचे नाव वाचून आम्ही सारेच थबकलो. सयाजीराव गायकवाड ग्रंथालय! आमच्या महाराजांच्या देणगीतून ही वास्तू उभी राहिली. लंडनच्या ब्रिटिश म्युझियममधील वाचनालयाच्या धर्तीवर तिची रचना केलेली आहे. ज्यांनी १९१० मध्ये बोर्डन या अमेरिकन ग्रंथपालास बोलावून बडोदे राज्यात गावोगाव पुस्तके पोहोचविली, त्यांचेच नाव जयंतरावांच्या बालपणीच्या आवारात इतक्या ठळकपणे उभे असावे, याचा बडोदेकर म्हणून अभिमान वाटला. नातीने पायरीवर बसून पाण्याची बाटली उघडली आणि मी तिला पुढची कथा सांगितली.

१९५७ मध्ये येथून बी.एस्सी. होऊन जयंतराव केंब्रिजला गेले. त्याच वर्षी त्यांचे भावी गुरू फ्रेड हॉईल यांची 'द ब्लॅक क्लाउड' ही कादंबरी प्रसिद्ध झाली होती. आकाशातील ताऱ्यांचे गणित मांडणारा माणूस कादंबरीही लिहितो आणि त्यात त्याला कमीपणा वाटत नाही, हे त्यांनी जवळून पाहिले. पुढे ते किंग्ज कॉलेजचे फेलो झाले. ई. एम. फॉर्स्टर तेव्हा त्याच कॉलेजात राहत होते. यंत्रावर सर्वस्वी विसंबलेल्या मानवजातीची कथा फॉर्स्टरांनी १९०९ मध्येच लिहून ठेवली होती. असे शेजार लाभलेला हा तरुण १९७२ मध्ये मायदेशी परतला, मुंबईस टाटा संस्थेत रुजू झाला, आणि दोन वर्षांनी लिहिता झाला तो मराठीत.

त्या पहिल्या कथेची हकीकत मोठी गमतीची आहे. अहमदाबादेस एका परिषदेत एक व्याख्यान रटाळ चालले होते. टिपणांसाठी मिळालेल्या कागदांवर जयंतरावांनी कथा लिहावयास घेतली. 'कृष्णविवर' तिचे नाव. मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेत ती पाठवावयाची, तर आपल्या नावाचे दडपण परीक्षकांवर पडू नये, म्हणून त्यांनी आद्याक्षरे उलटी फिरविली. ज. वि. ना. चे झाले ना. वि. ज., म्हणजे नारायण विनायक जगताप. अक्षर ओळखू येऊ नये म्हणून पत्नी मंगलाबाईंनी ती कथा आपल्या हाताने उतरून काढली. या जगतापांना पहिले पारितोषिक मिळाले!

विज्ञानकथा मराठीत त्याआधीही लिहिली जात होती. भा. रा. भागवतांनी ज्यूल व्हर्न मराठी मुलांच्या हाती दिला होताच. पण प्रत्यक्ष संशोधन करणारा शास्त्रज्ञ आपल्या विषयातील कल्पना घेऊन मराठी कथा लिहू लागला, तेव्हा साहित्यिकांचेही लक्ष तिकडे वळले. १९७५ च्या कऱ्हाडच्या साहित्य संमेलनात अध्यक्षा दुर्गाबाई भागवतांनी या नव्या कथेची दखल घेतली. मग 'यक्षांची देणगी', 'प्रेषित', 'वामन परत न आला' अशी पुस्तके येत राहिली. 'चार नगरांतले माझे विश्व' या आत्मचरित्रास २०१४ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. त्या चार नगरांतील पहिले नगर काशी.

त्या रात्री धर्मशाळेत मी नातीस 'उजव्या सोंडेचा गणपती' ही कथा वाचून दाखविली. अवकाशास पीळ पडून वस्तू आरशातील प्रतिमेसारखी उलटी होते, अशी त्यातील कल्पना. ती ऐकून ही उठून बसली. "असे कसे होईल?" सकाळी चौकातून पतंगाचा पातळ कागद आणला. त्याची लांब पट्टी कापली, एक पीळ देऊन टोके चिकटविली. हिने पेन्सिलीने डाव्या सोंडेचे इवलेसे गणपती एकापुढे एक काढले. फेरी पुरी झाली तेव्हा शेवटचा गणपती पहिल्याच्या पाठीशी, डोके खाली करून आला. पट्टी फिरवून कागदातून आरपार पाहिले, तर त्याची सोंड उजवीकडे! मग पुस्तक तिने माझ्या हातून घेतले. बोट ठेवून, अडखळत, पण स्वतः वाचू लागली. मी खिडकीबाहेर पाहत राहिलो.

परतीच्या दिवशी तिला आणखी एक गोष्ट सांगितली. मुले स्वाक्षरी मागावयास आली की जयंतराव ती देत नसत. एखादा प्रश्न पोस्टकार्डावर लिहून पाठवा, म्हणजे सहीनिशी उत्तर देईन, असे ते सांगत. ती विचारात पडली. "आता कोणाला पाठवायचे?" मी उत्तर दिले नाही. स्टेशनला जाता जाता टपाल कचेरीतून एक कार्ड तेवढे घेऊन दिले.

आम्ही बडोद्यास पोहोचल्यावर चार दिवसांनी ते कार्ड आले. पत्ता माझाच. ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका पुष्कळ, पण मराठी स्वच्छ: "आजोबा, गणपतीची सोंड परत डावीकडे आणायची असेल तर काय करायचे?"

शेजारच्या खोलीत ती अभ्यास करीत होती. हाक मारून सांगता आले असते. पण मी कार्डावरच उत्तर लिहिले, सही केली आणि पेटीत टाकून आलो: "त्याच वाटेने आणखी एक फेरी."