फिरत्या खोलीची दारे

ट्रॅक्टरच्या जुन्या ट्रॉलीवर आम्ही जी फिरती निवासखोली उभारीत आहो, तिची सागवानी दारे आज सांगलीस चौकटीत बसविली. आणि जेथे वर्षाकाठी जेमतेम 600 मिलिमीटर पाऊस पडतो तेथे रंधून बेतलेले दार, 5,000 मिलिमीटरांहून अधिक पर्जन्य झेलणाऱ्या महाबळेश्वरी कसे वागेल, ही विवंचना मनातून जाईना. लाकूड आर्द्रतेने फुगते ते रुंदीत, लांबीत जवळजवळ नाहीच. म्हणून मिस्त्रींनी कुलपाकडील कडेस नाण्याच्या जाडीएवढी फट राखली, तीच कड आतल्या अंगास किंचित उतरती रंधली आणि मधल्या फळ्या खाचेत सरस न लावता सैल सोडल्या. (वस्तुतः रंधा चालतो थोडा, निरखणेच फार.) मेणवलीच्या फडणविसी वाड्याची चौकट भिंतीत चिणलेली, आमची मात्र खड्ड्यागणिक तिरपी होणारी, सबब ट्रॉली जॅकवर न उचलता चाकांवर उभी करूनच माप घ्यावे, असा त्यांचा हुकूम, आणि तो मला सर्वस्वी रास्त वाटला. असले दार करू इच्छिणाऱ्याने रंग सहाही अंगांस, विशेषतः खालच्या कडेस, चढविल्याखेरीज ते बिजागरीवर टांगू नये. रंगारी ती कड हटकून वगळतात, आणि पाणी तेथूनच शिरते.