देहूरोडचा गारठा आणि विहाराचा वेल

२५ डिसेंबरला सकाळच्या लोकलने देहूरोडला जायचे म्हणजे काय, हे पुण्याच्या वस्त्यांतील उपासक-उपासिकांना सांगायला नको. पांढऱ्या साडीवर शाल, मुलांच्या डोक्याला माकडटोपी. दापोडी, पिंपरीला गाडी भरते आणि आकुर्डी सुटले की दारातला वारा बोचू लागतो. १९५४ साली याच तारखेला बाबासाहेबांनी तेथील विहारात बुद्धमूर्तीची प्रतिष्ठापना केली. मूर्ती रंगूनहून आलेली. त्याच महिन्यात ते रंगूनच्या जागतिक बौद्ध परिषदेला जाऊन आले होते.

काही वर्षांपूर्वी वंदना करून परतताना आम्ही एका रोपवाटिकेत थांबलो. वस्तीतील विहाराच्या लोखंडी कमानीवर वेल चढवायचे मंडळाने ठरवले होते. वर्गणीचे पैसे माझ्या खिशात. माळी म्हणाला, "मधुमालती न्या. इंग्रजीत हिला रंगून क्रीपर म्हणतात." रंगूनची मूर्ती आणि रंगूनचाच वेल! कारकुनाच्या जातीचा मी, पण त्या दिवशी भावसुद्धा केला नाही. संध्याकाळी त्रिसरण-पंचशील घेऊन वेल लावला आणि तांब्याभर गार पाणी घातले.

संक्रांतीपर्यंत पाने गळून नुसती काडी उरली. पुढच्या वर्षी तोच दिवस, तोच वेल, तोच शेवट. कोणी म्हणाले माती वाईट, कोणी म्हणाले पोरांनी उपटला. वस्तीतल्या एक मावशी बंगल्यांच्या बागांत खुरपणी करून म्हाताऱ्या झालेल्या. त्या म्हणाल्या, "बाबासाहेबांच्या दिवशी लावला म्हणून वेलाला थंडी वाजत नाही होय रे?"

मावशींचे खरे होते. मधुमालती मूळची उष्ण, दमट मुलखातली. पुण्यात बर्फ पडत नाही, पण १७ जानेवारी १९३५ रोजी येथे पारा १.७ अंशांवर उतरला होता. जुना वेल असा गारठा सोसतो, पाने टाकतो आणि उन्हाळ्यात पुन्हा फुटतो. नव्या रोपाला मात्र मुळेच धरलेली नसतात. गार मातीत मुळांची वाढ थांबते, वर संध्याकाळी पाणी घातले की ती रात्रभर ओल्या गारठ्यात कुजतात. इंग्लंडमध्येसुद्धा असले नाजूक वेल हिमतुषाराच्या रात्री संपल्यावर, मेअखेरीस बाहेर लावतात.

एम्प्रेस गार्डनचे पुष्पप्रदर्शन जानेवारीत असते. तेथे केशरी झुंबरांनी लगडलेली संक्रांतवेल पाहून कितीजण रोप घेऊन येतात! ती थंडीत फुलते हे खरे, पण फुलण्याचा काळ आणि लावण्याचा काळ एक नव्हे. लावायची तीही पावसाच्या तोंडीच.

मग मंडळात वाद झाला. २५ डिसेंबर सोडायचा कसा, असे तरुणांचे म्हणणे. दोन वेळच्या वर्गणीचा हिशेब मला विचारला गेला तो वेगळाच. तोड मावशींनीच काढली: वर्षावास. आषाढ पौर्णिमेला खड्डा भरायचा, आश्विन पौर्णिमेपर्यंत तीन महिने पावसात मुळे पसरतात. भिक्खू एका जागी राहतात त्या काळात वेलानेही एका जागी बसावे! थंडीपूर्वी त्याला जेमतेम दोन महिने आणखी मिळतात, तेवढे पुरतात.

तसेच केले. हातभर खोल खड्डा, निम्मी माती, निम्मे कुजलेले शेणखत. थंडीत पाणी सकाळी दहानंतर, तेही माती सुकल्यावर. बुंध्याशी पालापाचोळा आणि कडाक्याच्या रात्री गोणपाट. हिवाळ्यात कोणी रोप भेट दिलेच, तर कुंडीतच दक्षिणेच्या भिंतीशी उन्हात ठेवावे. फेब्रुवारी अर्धा सरला की लावता येते, मात्र मग उन्हाळाभर पाण्याची जबाबदारी एकाने घ्यावी. सगळ्यांची म्हटली की कोणाचीच नसते.

आता वेल कमानीवरून पलीकडच्या पत्र्यावर गेला आहे. संध्याकाळी वंदनेला बायका जमतात तेव्हा फुले पांढरी उमलतात, दुसऱ्या दिवशी गुलाबी, मग लाल होतात. २५ डिसेंबरला आम्ही त्याच्या बुंध्याशी सकाळच्या उन्हात कोमट पाणी घालतो आणि मग स्टेशन गाठतो. त्यापायी पहिली लोकल चुकते.