माशांचं पाणी

गेल्या जूनमध्ये मुलाची बदली बेंगळुरूला झाली आणि जाताना ते लोक दोन वस्तू आमच्याकडे ठेवून गेले. एक स्कूटर आणि एक अडीच फुटी काचेचा फिशटँक. स्कूटर झाकून ठेवली की झालं. टँकचं तसं नाही, त्यात जीव आहेत. शिवाय नातू (वय वर्षं दहा) दर रविवारी व्हिडिओ कॉलवर आधी मासे बघतो, मग आजी-आजोबा!

टँकबरोबर सहा मॉली आणि मूठभर गप्पी आले. आणि एक अट. दिवाळीला येईन तेव्हा मला निऑन पाहिजेत. निऑन टेट्रा म्हणजे निळी-लाल पट्टी असलेला बोटाच्या पेराएवढा मासा, अंधारात कोणी दिवा लावल्यासारखा दिसतो. मुलाच्या सावेडीच्या फ्लॅटवर ते दोनदा आणले आणि दोनदा गेले. नातू दोन्ही वेळा जेवला नव्हता. त्या फ्लॅटला बोअरचं पाणी होतं.

आता नगरच्या बोअरच्या पाण्याबद्दल नगरकरांना काय सांगायचं? (अहिल्यानगर म्हणायचं हे २०२४ पासून ठाऊक आहे, जिभेला अजून वळण पडतं आहे.) आपला सगळा जिल्हा काळ्या कातळावर बसलेला. पावसाचं पाणी त्या कातळाच्या भेगांतून झिरपताना कॅल्शियम, मॅग्नेशियमचे क्षार विरघळवत जातं. म्हणून डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही, गिझरमध्ये पांढरे पापुद्रे धरतात. माझी आई याला नुसतं ‘जड पाणी’ म्हणायची आणि डाळीसाठी दुसऱ्या विहिरीचं पाणी आणायची. ती शाळेत गेलेली नव्हती.

तर निऑनसाठी काय करावं म्हणून मी दुकानात विचारायला गेले. दुकानदार मुलगा भला होता, ‘मावशी’ म्हणून खुर्ची दिली. म्हणाला, टँकसाठी वेगळा आरओ बसवा, नऊ हजारांत होईल, मग कुठलाही मासा ठेवा. मी म्हटलं विचार करते. चाळीस वर्षं मराठी शिकवलं, शब्दाचा अर्थ कळल्याशिवाय पुढे जायचं नाही ही सवय. ‘आरओ’ हा शब्द आपण इतका वापरतो, पण ते यंत्र करतं काय?

वाचलं ते असं. हा पडदा मुळात समुद्राचं पाणी गोडं करायला शोधला गेला. १९६० च्या आसपास कॅलिफोर्नियाच्या विद्यापीठात सिडनी लोब आणि श्रीनिवास सौरीराजन या दोघांनी तो कामाचा करून दाखवला. सौरीराजन आपल्याकडचे, भारतात जन्मलेले. १९६५ मध्ये कोअलिंगा नावाच्या गावाला अशा यंत्राचं पाणी मिळू लागलं. पाणी दाबाने पडद्यावर ढकलायचं, पाणी पार जातं, क्षार बहुतेक अलीकडेच राहतात. पण ते राहिलेले क्षार वाहून न्यायलाही पाणीच लागतं! घरगुती यंत्रात साधारण एक लिटर शुद्ध पाण्यामागे तीन लिटर गटारात जातं.

दुसरी गोष्ट, नुसतं आरओचं पाणी माशांनाही चालत नाही. त्यात क्षारच नसतात, त्यामुळे पाण्याची आम्लता पटकन खालीवर होते. म्हणजे ते शुद्ध करून घ्यायचं आणि मग त्यात पुन्हा नळाचं पाणी किंवा विकतचे क्षार मिसळायचे. आमच्या ह्यांना हे सांगितलं तर म्हणाले, “आधी मीठ काढायचं आणि मग मीठ घालायचं, हा कुठला स्वयंपाक?”

पण माझं मन अडलं ते तीन लिटरवर.

माझं माहेर पाथर्डी तालुक्यातलं. १९७२ चा दुष्काळ पडला तेव्हा मी नगरला बी.ए. करत होते. १९७३ च्या मे महिन्यात सुट्टीला घरी गेले तर आई दुष्काळी कामावर खडी फोडायला जात होती. खायला मिलो आणि सुकडी. विहिरीत उतरून वाटीवाटीने कळशी भरावी लागे. आंघोळ बाजेवर बसून, खाली घमेलं. त्या घमेल्यातलं पाणी म्हशीला. ज्या बाईने ते पाहिलं आहे तिने वीस लिटर माशांना मिळावं म्हणून साठ लिटर मोरीत सोडायचं... नळ चालू असतो तेव्हा तो आवाज मला अजून सहन होत नाही. सून हसते. हसू दे.

तरी एक प्रश्न उरलाच. स्वयंपाकघरात आमचाही आरओ आहे! सात वर्षांपूर्वी मुलाने बसवला, कारण तेव्हा आमच्याकडेही बोअरच होतं. आता मुळा धरणाचं पाणी एक दिवसाआड नळाला येतं, बोअर फक्त अडीनडीला. क्षार मोजायचा छोटा मीटर मागवला. नळाचं पाणी २४०, बोअरचं ११८०. (हा मीटर फक्त विरघळलेले क्षार सांगतो, जंतू सांगत नाही. हे लक्षात ठेवायला हवं, कारण विकणारे ते सांगत नाहीत.) मे २०१९ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने ५०० च्या आत क्षार असतील तिथे आरओवर बंदी आणा, असं केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयाला सांगितलं होतं. म्हणजे नळाच्या पाण्यापुरता आमचा आरओ शोभेचाच. पण बोअरच्या दिवसांत तो लागतो, म्हणून काढला नाही.

मग मी शाळेतल्यासारखं पाटीवर गणित मांडलं. चार लिटर पाणी, दर लिटरला २४०, म्हणजे ९६०. एक लिटर शुद्ध निघालं, त्यात साधारण २०. उरले ९४०, ते तीन लिटरमध्ये. भागिले तीन, ३१३. वेस्टच्या नळीखाली पेला धरला, मीटर बुडवला. ३१८!

म्हणजे ज्याला आपण ‘घाण पाणी’ म्हणून सोडून देतो ते नळाच्या पाण्यापेक्षा जेमतेम तिसऱ्या हिश्श्याने जड असतं. आणि मॉली-गप्पींना जड पाणीच मानवतं. मॉली मेक्सिकोच्या बाजूची, खाऱ्या खाड्यांतसुद्धा राहते. गप्पी तर आपल्या ओळखीचाच, डासांच्या अळ्या खायला आरोग्यखात्याचे लोक आमच्या शाळेच्या हौदात सोडून जायचे. बिचारा निऑन मात्र अॅमेझॉनच्या खोऱ्यातला, तिथलं पाणी अगदी मऊ.

राहिला क्लोरिनचा प्रश्न. माशांच्या कल्ल्यांना तो जाळतो. इथे जुनी विद्या उपयोगी पडली. खेड्यावरच्या शाळेत असताना विहिरीत टीसीएल पावडर टाकली की नाही हे ओटीच्या थेंबांनी बघायचो. पाणी पिवळं झालं की क्लोरिन आहे. ती बाटली आणली. नळाच्या पाण्यात दोन थेंब, पिवळं. वेस्टच्या पाण्यात दोन थेंब, काही नाही, पाण्यासारखं पाणी. कारण साधं आहे. क्लोरिनने पडदा खराब होतो म्हणून यंत्रात पडद्याच्या आधीच कार्बनचं नळकांडं असतं, आणि वेस्टचं पाणीसुद्धा त्यातून गाळूनच आलेलं असतं. म्हणजे माशांसाठीचा फिल्टर घरात सात वर्षं होताच, फक्त त्याचं तोंड मोरीकडे होतं.

क्षार धरू नयेत म्हणून काही यंत्रांत रसायनाच्या गोळ्या असतात. आमच्यात त्या नाहीत हे मेकॅनिकला उघडून दाखवायला लावलं. प्लंबरने वेस्टची पाव इंची नळी लांब करून ओट्याखालच्या ५० लिटरच्या पिंपात सोडली. नळीचं टोक पाण्यात बुडू द्यायचं नाही, वर मोकळं ठेवायचं. पिंप भरलं की वरच्या भोकातून जादा पाणी बादलीत, ते भांड्यांना आणि फरशीला. खर्च साडेचारशे रुपये. प्लंबरला पटलं नव्हतं. “आजी, लोक घाण पाणी बाहेर काढायला बोलावतात,” म्हणाला.

टँक साधारण ८० लिटरचा. आठवड्याला २० लिटर बदलायचे. आमचं दोघांचं पिण्याचं पाणी दिवसाला आठ लिटर, म्हणजे वेस्ट चोवीस. एका दिवसात माशांचा आठवडा निघतो. सुरुवातीला तीन-तीन दिवसांनी पाच-पाच लिटरच बदललं, माशांना एकदम नवं पाणी सोसत नाही. टँकमधला स्पंज नळाखाली धुवायचा नाही, काढलेल्या पाण्यातच पिळायचा. माशांच्या घाणीतून अमोनिया होतो, तो पचवणारे जिवाणू त्या स्पंजात असतात आणि क्लोरिन त्यांनाही मारतो.

दोन पथ्यं मात्र आहेत. बोअर चालू असेल त्या दिवशी नळी पिंपातून काढायची. त्या वेस्टचा आकडा दीड हजारावर जातो, तो मॉलीलाही नको. तेवढे दिवस पिंपातला साठा पुरतो. आणि उन्हाळ्यात टँकचं पाणी उडून पातळी उतरते तेव्हा ती वेस्टच्या पाण्याने भरायची नाही. उडतं ते पाणी, क्षार मागेच राहतात. तिथे तांब्या-दीड तांब्या पिण्याचंच पाणी घालायचं. एवढं मी माशांना देते, ह्यांची हरकत नाही.

हे होऊन आता दहा महिने झाले. मॉलीची पिल्लं दोनदा झाली, मोठ्या माशांच्या तोंडून वाचलेली अकरा आहेत.

नातवाला मी सगळं गणित कॉलवर घातलं. निऑनसाठी निम्मं तरी शुद्ध पाणी लागेल, म्हणजे आठवड्याला दहा लिटर, त्यासाठी आणखी तीस लिटर वेस्ट. त्याने वहीत करून पाहिलं, उत्तर बरोबर आलं. मग विचारलं, “आजी, ते तीस लिटर आपण भांड्यांना वापरले तर?” मला एकदम उत्तर सुचलं नाही. भांड्यांना लागतं तेवढं आत्ताच येतं आहे, जास्तीचं कुठे जिरवायचं हे बघावं लागेल. परसात कढीपत्ता आणि दोन शेवग्याची झाडं आहेत, पण रोज जड पाणी घातलं तर मातीचं काय होईल? एका झाडाला घालून पाहते आहे. दिवाळीला अजून वेळ आहे. तोवर कार्बनचं नळकांडं श्रावणात बदलायचं आहे, आणि ओटीची बाटली संपत आली आहे, ती आणायची आहे.