रविवारचा रस्सा

बायपासनंतर डॉक्टरांनी बाबांचं मटण बंद केलं आणि वाघोलीतल्या आमच्या फ्लॅटमधला रविवारच गेला! मग म्हटलं, मासवडी करू. आम्ही मूळचे जुन्नरकडचे. तिकडची ही मासवडी, मासा फक्त नावात आणि आकारात.

आजीला फोन लावला. बेसनाचं घट्ट पिठलं घोटून ओल्या कापडावर थापलं, वर तीळ, सुकं खोबरं, कांदा-लसणाचं सारण, आणि कापडासकट दुमडलं. पहिली वडी फुटली, दुसरी जमली. रस्सा मात्र मटणाचाच: भाजलेला कांदा, खोबरं, काळा मसाला. तेल निम्मं, त्यामुळे तर्री नाही.

बाबांनी भाकरी कुस्करली आणि गप्प जेवायला लागले.

"मटणाची आठवण येते का हो?"

"येते ना. रस्सा वाढ अजून."